चाचणीचे सर्व्हर उतरवण्याची जबाबदारी कोणाची?

महोदय,

आगामी सिंहस्थाच्या निमित्ताने गर्दी, वाहतूक आणि पार्किंग यांसाठीच्या संगणक प्रणालींची चर्चा नाशिकमध्ये सुरू आहे. अशा प्रणाली आता बहुधा क्लाउडवर, म्हणजे तासाच्या भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालतात. या व्यवसायातला एक नाशिककर म्हणून त्यांच्या खर्चाच्या एका दुर्लक्षित बाजूकडे लक्ष वेधू इच्छितो.

प्रणालीत नवी सुविधा घालायची झाली की तिच्या चाचणीसाठी सर्व्हर, डेटाबेस आणि लोड बॅलन्सर (येणारा भार सर्व्हरमध्ये वाटून देणारी यंत्रणा) यांची वेगळी प्रत उभारली जाते. कोडमध्ये लिहिलेल्या रचनेवरून सर्व्हर उभारणाऱ्या टेराफॉर्मसारख्या साधनामुळे हे काम काही मिनिटांत होते. चाचणी संपते, सुविधा मूळ प्रणालीत जाते, प्रत मात्र तशीच राहते. कारण ती दुसरे कोणी वापरत असेल की काय, या शंकेने तिला हात लावायला कोणी धजावत नाही. तपोवनातील साधुग्राम पर्वणीनंतर उतरवायचे आहे हे पहिला खांब रोवतानाच ठरलेले असते, तसे येथे काहीच ठरलेले नसते.

सर्व्हर ‘बंद’ केला की खर्च थांबला, असा समज अनेक व्यवस्थापकांचाही असतो. प्रत्यक्षात सर्व्हरचे भाडे थांबले तरी त्याला जोडलेल्या डिस्कचे चालूच राहते. ॲमेझॉनच्या आरडीएस या भाड्याच्या डेटाबेस सेवेत बंद केलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. १ फेब्रुवारी २०२४ पासून त्याच कंपनीने प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (इंटरनेटवर सर्व्हर ज्या क्रमांकाने सापडतो त्याला), तो वापरात असो वा नसो, तासाला अर्धा सेंट आकार लावला आहे. एका पत्त्याचे महिन्याला साडेतीन डॉलरच्या आसपास होतात, पण विसरलेले पत्ते सहसा एकटे नसतात. खर्चमर्यादेचा इशारा लावला तरी तो मुळात ईमेल पाठवतो, सर्व्हर काढत नाही.

उपाय अवघड नाही. प्रत उभारतानाच तिच्यावर मालकाचे नाव आणि मुदतीची तारीख टॅग म्हणून नोंदवावी, मुदत संपताच ती आपोआप नष्ट व्हावी आणि वाढीव मुदत हवी असेल त्याने ती मागून घ्यावी. रचना कोडमध्ये लिहिलेली असेल तर तीच प्रत पुन्हा उभारता येते, त्यामुळे पुसण्याची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. ज्या प्रती काही आठवडे लागणारच आहेत, त्या निदान रात्री व शनिवार-रविवारी बंद ठेवाव्यात. आठवड्याच्या १६८ तासांपैकी कामाचे तास पन्नासच्या घरात असतात. हे न करता एक किंवा तीन वर्षांच्या वापराची हमी देऊन सवलत मिळवणे म्हणजे अडगळीचेही भाडे आगाऊ कबूल करणे होय, आणि दुर्दैवाने अनेक ठिकाणी सुरुवात तिथूनच होते.

खासगी कंपनीने आपले पैसे कसे घालवावेत हा तिचा प्रश्न. सार्वजनिक पैशाचे तसे नाही. शिवाय विसरलेल्या प्रतीत नागरिकांचे खरे मोबाइल क्रमांक असतील आणि तिची सुरक्षा अद्ययावत होत नसेल, तर प्रश्न बिलापुरता राहत नाही. म्हणून महापालिका आणि सिंहस्थाशी संबंधित यंत्रणांनी निविदेतच अट घालावी की, कंत्राटदाराने चालू चाचणी प्रतींची यादी, मालक व मुदतीसह, दरमहा द्यावी आणि त्यांतील शेवटची प्रत काढल्याचा पुरावा मिळेपर्यंत अंतिम देयक मंजूर होऊ नये.

– एक संगणक अभियंता, इंदिरानगर, नाशिक