सांख्यिकीतज्ज्ञाला आधी बोलवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला आरोग्य-संशोधनातल्या आंतरविद्याशाखीय कामावरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण चांगली माणसे निवडा, मन मोकळे ठेवा, एकमेकांच्या शाखेचा आदर करा, यापलीकडे लेखात काही नाही. कोणी कधी यायचे आणि पहिल्या महिन्यात काय लिहून ठेवायचे, यावर एक ओळही नाही. असे प्रकल्प आदर कमी पडल्यामुळे क्वचितच बुडतात. बहुतेक वेळा एक शाखा आराखडा आखते आणि बाकीच्यांना वरातीमागून घोडे तसे बोलावते, तिथे ते बुडतात.

लेखात उदाहरण दिले आहे ते इंग्रज डॉक्टर जॉन स्नो यांचे, आणि तेही एकट्या डॉक्टरच्या कर्तबगारीची गोष्ट म्हणून. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने मेलेल्यांची नावे-पत्ते स्नो यांना जनरल रजिस्टर ऑफिसकडून, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून मिळाले, आणि तिथली आकडेवारी विल्यम फार (Farr) हे सांख्यिकीतज्ज्ञ सांभाळत होते. त्याच वस्तीत काम करणारे धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना, कॉलरा तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरला, हे स्नो यांचे म्हणणे पटले नव्हते. ते खोडून काढायलाच ते घरोघर फिरले. घरे ओळखीची असल्यामुळे त्यांना जगलेल्यांनाही विचारता आले की पाणी कुठले पीत होता. स्नो यांच्या नकाशावर मृत्यू होते. पाणी पिऊनही बचावलेले आणि न पिता बचावलेले किती, हे कळल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. 40 क्रमांकाच्या घरात एक बाळ आजारी होते आणि त्याचे लंगोट धुतलेले पाणी पंपाच्या विहिरीलगतच्या मैलाखड्यात जात होते, हा दुवाही व्हाइटहेड यांनीच शोधला. पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला निघाला तेव्हा साथ आधीच उतरणीला लागली होती, हे खुद्द स्नो यांनीही मान्य केले आहे. सांघिक कामावरच्या लेखात नेमका संघच गाळला जावा, याचे वाईट वाटले.

आता सांख्यिकीबद्दल. समजा 20 आरोग्य केंद्रांतून प्रत्येकी 30, असे 600 रुग्ण घ्यायचे ठरले. वरवर पाहता हा आकडा भरपूर वाटतो. पण एकाच केंद्रातले रुग्ण एकमेकांसारखे असतात, कारण डॉक्टर तेच, औषधपुरवठा तोच, वस्ती तीच. हे साम्य मोजणारा इन्ट्राक्लस्टर कोरिलेशनचा आकडा 0.05 इतका लहान धरला तरी डिझाइन इफेक्ट, म्हणजे या साम्यामुळे रुग्णसंख्येला कितीने भागावे लागते तो आकडा, 1 + (30 − 1) × 0.05, म्हणजे 2.45 येतो. 600 ला 2.45 ने भागले की हाती उरतात 245 स्वतंत्र रुग्णांइतकीच माहिती. तेच 600 रुग्ण 40 केंद्रांतून प्रत्येकी 15 घेतले असते तर भागाकार 1.7 ने झाला असता आणि सुमारे 353 रुग्णांइतकी माहिती मिळाली असती. फॉर्म तेवढेच, मुलाखतीही तेवढ्याच. वाढला असता तो फक्त प्रवास. हे गणित आराखडा ठरताना दहा मिनिटांत होते. डेटा गोळा झाल्यावर मात्र जगातला कोणताही सांख्यिकीतज्ज्ञ 20 केंद्रांची 40 करून देऊ शकत नाही. त्याला फाइल पाठवून 'जरा पी व्हॅल्यू (असा निकाल निव्वळ योगायोगाने किती सहज येईल ते सांगणारा आकडा) काढून द्या' म्हणणे हा त्याच्या शाखेचा आदर नव्हे, मग बैठकीत त्याला कितीही मानाने बसवा.

दुसरी गोष्ट शब्दांची, आणि इथे लेखाने फारच घाई केली आहे. 'समान भाषा तयार करा' असे एक वाक्य लिहून लेखक पुढे गेले. कशी करायची? क्षयरोगाच्या अभ्यासातला एकच रकाना घ्या: 'उपचार सोडला — हो / नाही'. डॉक्टरच्या डोक्यात जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या असते, सलग दोन महिने किंवा जास्त खंड. परिचारिकेच्या लेखी दिलेल्या तारखेला न आलेला रुग्ण म्हणजे सोडलेला. औषध देणारा साठा उचलला की नाही ते बघतो. समाजशास्त्रज्ञाला रुग्ण सांगतो, 'मी सोडलं नाही, कामासाठी दुसरीकडे गेलो होतो.' आणि डेटा भरणारा रिकामा रकाना दिसला की 'नाही' समजून शून्य टाकतो. पाच माणसे, पाच अर्थ, आणि फाइलमध्ये एकच खूण. मग एका केंद्रात उपचार सोडणारे जास्त दिसतात. तिथले रुग्ण खरोखर निष्काळजी आहेत की तिथली परिचारिका काटेकोर आहे, हे शोधायला काही मार्ग उरत नाही.

उपाय साधा आहे. फॉर्मवर निष्कर्ष लिहून घेऊ नका, तारखा लिहून घ्या. शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली, शेवटचा साठा कोणत्या तारखेला उचलला, आणि थांबण्याचे कारण रुग्णाच्याच शब्दांत. 'सोडला' की 'नाही सोडला' ते विश्लेषणाच्या वेळी, आधी लिहून ठेवलेल्या व्याख्येने ठरू द्या. व्याख्या बदलली तरी डेटा शाबूत राहतो. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, वर्षाचे चारही अंक लिहून. नाहीतर 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, यावर सहा महिन्यांनी वाद होतो आणि तेव्हा उत्तर कोणाकडेच नसते. 'विचारले नाही', 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' यांना तीन वेगळे कोड द्या, आणि ते खऱ्या उत्तरात येऊच शकणार नाहीत असे ठेवा. वयाच्या रकान्यात 'माहीत नाही'साठी 99 टाकला आणि गाळायचा राहिला तर काय होते ते बघा. 190 जणांचे सरासरी वय 40, दहा जणांचे 99, की सरासरी 42.95 होते. 88 आली असती तर कोणीही दचकले असते. तीन वर्षांचा फरक कोणाच्या डोळ्यावर येत नाही आणि छापला जातो.

फॉर्मवरच्या सगळ्या रकान्यांची, म्हणजे व्हेरिएबलची, यादी प्रत्येक शाखेच्या एकेका माणसाने मोठ्याने वाचावी आणि 'याचा अर्थ मी असा घेतो' असे सांगावे. 60 व्हेरिएबलना दोन बैठका सहज लागतात. त्यानंतर तोच फॉर्म घेऊन दहा-पंधरा जणांवर चाचणी करावी, आणि ती बाहेरून आणलेल्या हुशार विद्यार्थ्याने नव्हे, पुढे रोज फॉर्म भरणार असलेल्यांनीच करावी. कंटाळवाणे काम आहे खरे. पण सांघिक संशोधन शिकायचे ते इथेच, आणि व्याख्यानांतून ते शिकवता येत नाही.

मुलाखतींच्या कामाला लेखाने 'मानवी बाजू' म्हटले आहे. हा शब्द खटकला, कारण पुढे हीच 'बाजू' दोन आठवड्यांत उरकायला सांगितली जाते. एका तासाची ध्वनिफीत शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. 30 मुलाखती म्हणजे नुसते उतरवायलाच 120 ते 180 तास, कोडिंग, म्हणजे उताऱ्यांना विषयांच्या खुणा लावणे, वेगळेच. कोडिंगमध्ये दोघांचे 100 पैकी 90 उताऱ्यांवर एकमत झाले म्हणून खूश होण्यातही अर्थ नाही. दोघांनीही 90-90 उताऱ्यांना 'हो' म्हटले असेल तर निव्वळ योगायोगानेच 82 ठिकाणी जुळले असते. योगायोगाचे एकमत वगळून उरलेले मोजणारा कोहेन यांचा 1960 चा कप्पा हा आकडा काढला तर तो 0.44 येतो, म्हणजे जेमतेम मध्यम. हा आकडा मुलाखतवाल्यांना सांख्यिकीवाल्यांनी समजावून द्यायचा असतो. आणि न जुळलेल्या दहा उताऱ्यांतच अभ्यासाचा खरा मुद्दा दडलेला असू शकतो, हे सांख्यिकीवाल्यांना मुलाखतवाल्यांनी. शिवाय मुलाखतीतले प्रश्न काम चालू असताना बदलतात, ती त्या पद्धतीची गरज आहे. म्हणून नैतिकता समितीकडे विषयसूची आणि बदलाची मर्यादा आधीच मांडून मंजुरी घ्यावी. नाहीतर दर बदलाला दुरुस्ती-अर्ज आणि तोवर काम ठप्प.

उशिरा बोलावण्याची किंमत माणसांनी मोजल्याचेही उदाहरण आहे. पश्चिम आफ्रिकेत 2014 च्या इबोला साथीत मृतदेह पिशवीत घालून नेणारी पथके आली. अंत्यविधीत मृताला आंघोळ घालण्याचे कुटुंबाच्या लेखी काय मोल आहे, हे त्या पथकांच्या नियमांत कुठेच नव्हते. लोकांनी विरोध केला, काहींनी मृतदेह लपवले. सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नवी पद्धत मानवशास्त्रज्ञ आणि धर्मगुरूंना बरोबर घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने आणली ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात. साथ जाहीर झाली होती मार्चमध्ये.

लेखकांच्या नावांचा प्रश्न लेखाने 'सामंजस्याने सोडवावा' म्हणून सोडून दिला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात मोलाची दुरुस्ती, अंतिम प्रतीला संमती, आणि कामाची जबाबदारी. चारही पुरे व्हायला हवेत. उशिरा बोलावलेल्याला मसुदा दाखवलाच जात नाही, म्हणून दुसरा निकष हुकतो आणि त्याचे नाव आभारात जाते. त्यातून गणित-अर्थशास्त्रात नावे बहुधा वर्णानुक्रमे, तर वैद्यकात शेवटचे नाव ज्येष्ठाचे. हे एकमेकांना माहीत नसेल तर शेवटी नाव आलेला अर्थतज्ज्ञ दुखावतो. नावांचा क्रम आणि तो कशाने बदलेल, हे पहिल्याच महिन्यात लेखी ठरवा.

जाता जाता, त्याच पानावरच्या चौकटीत नव्या गोळीने 'धोका निम्म्यावर' असे ठळक अक्षरांत छापले आहे. निम्मा कशाचा? हजारात 200 चे 100 झाले तरी निम्मा आणि हजारात दोनाचा एक झाला तरी निम्मा. मूळ आकडे चौकटीत कुठेच नाहीत. ते छापायला एक ओळ पुरली असती. लेखाचा दुसरा भाग पुढच्या आठवड्यात येणार असे वाचले. त्यात ही ओळ द्यावी, आणि जमल्यास व्हाइटहेड यांचे नावही.

आपला,
एक नियमित वाचक
(आरोग्य-संशोधनात सांख्यिकी सल्ला देणारा)