ओळख न दाखवल्याबद्दल

प्रिय मुली,

तुझं नाव लिहीत नाही. तू नको म्हणालीस, आणि स्वतःचं लिहायचं धाडस मलाही अजून होत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी शाळेत दर रविवारी तुला बाराखडी शिकवणारी काकू, एवढी ओळख पुरे. तू तेव्हा सात वर्षांची होतीस. 'कावळा'ला 'कावला' म्हणायचीस, आणि मी तुला जीभ उलटी वळवून टाळूला लावायला सांगायचे. तुला ते अजिबात आवडायचं नाही. पुढे सॉकरचे सामने रविवारी येऊ लागले आणि तू शाळा सोडलीस. त्यानंतर गणपतीच्या कार्यक्रमात लांबून दिसायचीस, तेवढंच.

सप्टेंबर 2025 मध्ये ह्यांची नोकरी गेली. त्याआधी दोन महिने कन्सल्टन्सीने पगारच दिला नव्हता, रोज 'पुढच्या आठवड्यात' चाललं होतं. माझं वर्क परमिट नूतनीकरणात अडकलेलं. साठवलेले पैसे सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेले होते. नोकरी गेली की एच-वन-बीवाल्याला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर इथे आलेल्याला, दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. ते 60 दिवस खायचं काय, हे त्या कागदांत कुठे लिहिलेलं नसतं. किराणासाठी सरकार देतं ती स्नॅपची मदत आम्हा व्हिसावाल्यांना मिळत नाही.

फूड पॅन्ट्रीत जायचं ठरवलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत फोनवर वाचत बसले. आपल्या लोकांची ही खोडच आहे, लाज वाटली की अभ्यास करायचा. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम आणि फूड पॅन्ट्री म्हणजे त्यातलं धान्य गरजूंच्या हातात फुकट देणारी जागा, हे तेव्हा कळलं. पहिली फूड बँक 1967 साली ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये निघाली, हेही वाचलं. मला हवं होतं ते वेगळंच. इथे नाव दिलं तर ग्रीन कार्डाच्या फायलीत लागेल का? लागत नाही. खाजगी संस्थेकडून घेतलेलं अन्न त्यात धरत नाहीत. तरी 4 ऑक्टोबरच्या शनिवारी पॅन्ट्री चालते त्या चर्चच्या तळघराच्या पायऱ्या उतरताना हुडी डोळ्यांपर्यंत ओढली होती.

टेबलावरच्या बाईंनी घरात माणसं किती आणि झिप कोड काय, एवढंच विचारलं. मी 'चार' म्हटलं, वळले, आणि समोर तू. हिरवा एप्रन, हातात चिकटपट्टीचा गुंडाळा. आपली नजरानजर झाली. 'आता ही "काकू!" म्हणून ओरडणार, घरी जाऊन आईला सांगणार, आणि संध्याकाळपर्यंत मंडळात सगळ्यांना कळणार,' असं मनात आलं. तू म्हणालीस, "गुड मॉर्निंग, मॅम," आणि ढकलगाडी पुढे केलीस. माझ्या मागच्या आजोबांनाही तसंच, त्याच आवाजात 'सर' म्हणालीस.

विसरली वाटतं, असं मला वाटलं. सुटल्यासारखं झालं, आणि खरं सांगते, थोडं लागलंही.

तुमच्या पॅन्ट्रीत बांधलेली पिशवी देत नाहीत, दुकानासारखं फिरून स्वतः उचलायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. तुला हे किरकोळ वाटेल. पण दोन आठवडे आमच्या घरी प्रत्येक गोष्ट दुसरं कुणीतरी ठरवत होतं: वकील, घरमालक, एचआर. पांढरा राजमा घ्यायचा की काळा, हे मी त्या तळघरात पाच मिनिटं उभी राहून ठरवलं आणि तू मला घाई केली नाहीस.

फळ्यांवर हिरवे, पिवळे, लाल ठिपके होते. ते तुम्हा शाळकरी मुलांचं काम होतं हे नंतर कळलं. डब्यामागचं वाचून चरबी, मीठ आणि वरून घातलेली साखर बघायची, आणि नेहमी घ्यावं ते हिरवं, कधीतरीचं पिवळं, क्वचितचं लाल. लाल ठिपक्यांचे डबे तुम्ही लपवले नव्हते. हिरवे तेवढे डोळ्यांच्या उंचीवर होते आणि लाल जरा खाली, वाकून घ्यावेत असे. (साबुदाण्याच्या खिचडीला तुम्ही कोणता ठिपका लावला असता, याचा विचार मी एकादशीला केला. उत्तर कळलं, खिचडी तरी केली.)

डब्यातल्या राजम्याचं पाणी ओतून टाकायचं आणि दाणे नळाखाली नीट धुवायचे, म्हणजे त्यातलं सोडियम सुमारे 40 टक्क्यांनी उतरतं, हे तू एका स्पॅनिश बोलणाऱ्या आजींना हातवारे करून दाखवत होतीस. मी मागे उभी राहून ऐकलं. ह्यांना रक्तदाबाची गोळी आहे. बारा वर्षं संसार करून मला हे माहीत नव्हतं, डब्यातलं पाणी मी उसळीत तसंच ओतायचे.

18 ऑक्टोबरला धनत्रयोदशी होती. आमच्याकडे त्या दिवशी धने आणि गुळाचा नैवेद्य असतो. मी सकाळी नैवेद्य दाखवला आणि रांगेत येऊन उभी राहिले. भाज्यांच्या खोक्यात कोलार्डच्या जुड्या होत्या, मोठ्या, जाड, निळसर हिरव्या पानांच्या. बऱ्याच जणी त्या तशाच ठेवून पुढे जात होत्या. खोक्याला पाककृतींची कार्डं टोचलेली होती, इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये. त्यांच्या मागे, अर्धं झाकलेलं, आणखी एक कार्ड होतं. देवनागरीत.

'कोलार्डची अळूवडी. जाड शिर काडुन टाका. बेसण, तिखट, चिंच, गुळ लावा. गुंडाळी करुन उकडुन घ्या.'

त्या रांगेत मराठी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. इकडे तिकडे बघितलं. तू पलीकडे बटाट्यांच्या पिशव्या रचत होतीस, पाठ माझ्याकडे.

म्हणजे पहिल्या शनिवारीच तू मला ओळखलं होतंस. मी कार्ड खिशात घातलं आणि दोन जुड्या उचलल्या. 'अळूवडी'तला ळ बरोबर होता, 'गुंडाळी'तलाही. बाकी शुद्धलेखनाबद्दल आपण पुन्हा कधीतरी बोलू.

वड्या त्याच संध्याकाळी केल्या. कोलार्डचं पान अळूसारखं खाजत नाही, त्यामुळे चिंच चवीपुरतीच लागते. शीर मात्र लाटण्याने दाबून घ्यावी लागते, नाहीतर गुंडाळी उलगडते. धाकट्याने विचारलं, "दिवाळीची आहे?" मी हो म्हटलं.

1 नोव्हेंबरचा शनिवार आठवतो? केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं होतं आणि त्या महिन्याचे स्नॅपचे पैसे अडकले. देशभरातल्या सुमारे 4 कोटी 20 लाख लोकांचा तो किराणा होता. रांग पायऱ्या चढून पार्किंग ओलांडून रस्त्यावर गेली. कुणीतरी तुझ्या मैत्रिणीवर ओरडलं, ती आत जाऊन रडली, आणि तू बाहेर येऊन रांगेला सांगितलंस की अंडी संपली आहेत, ओट्स, डाळी आणि सफरचंदं आहेत. उगीच हसली नाहीस, सारखं 'सॉरी'ही म्हणाली नाहीस. सोळा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं असेल, असा विचार मी करत होते. त्याच रांगेत मंडळातली दोन माणसंही होती. आम्ही तिघांनी एकमेकांना पाहिलं आणि तिघांनीही फोनमध्ये डोकं घातलं. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय ते त्या दोघांसाठी. आपण तिघांनी त्या दिवशी केलं ते आणि या मुलीने केलं ते, दिसायला सारखंच होतं. तसं ते नव्हतं.

ह्यांना 53व्या दिवशी नोकरी मिळाली. पगार कमी आहे, पण वेळेवर येतो. पहिला पगार हातात पडेपर्यंत मी येत राहिले.

थँक्सगिव्हिंगच्या आधी लाल भोपळ्याच्या गराचे डबे आले, डोंगरभर. नुसता गर, साखर न घातलेला, वर हिरवा ठिपका. पम्पकिन पाय कोण करत बसणार म्हणून कुणी हात लावेना. तू डब्यांकडे बघत उभी होतीस आणि मला राहवलं नाही. मी हळूच मराठीत म्हटलं, "याचे घारगे होतात." तू खिशातून कार्ड आणि पेन काढलंस. मी सांगत गेले: गर गुळाबरोबर गरम करून घ्यायचा, वेलची, मिठाची चिमूट, मावेल तेवढी कणीक, थोडा रवा, मळून अर्धा तास झाकून ठेवायचं, थापायचे, आणि तेलात तळायचे.

पेन थांबलं. तू वर बघितलंस.

"तळायचे? मग लाल ठिपका लावावा लागेल, काकू."

दोन महिन्यांतलं ते पहिलं 'काकू'. आपण दोघी इतक्या हसलो की टेबलावरच्या बाई बघायला लागल्या. मग तव्यावर थोड्या तुपात भाजायचे असं ठरलं आणि पिवळ्यावर तडजोड झाली. माझ्या आजीला हे कळलं असतं तर तिने आपल्या दोघींना स्वयंपाकघराबाहेर काढलं असतं.

नंतर मी विचारलं, तू इथे का येतेस. "कॉलेजच्या अर्जाला व्हॉलंटियरिंगचे तास लागतात," सरळ सांगितलंस. मला बरं वाटलं. थोर काही बोलली असतीस तर घरी जाऊन मला पुन्हा लाज वाटली असती. पहिल्या दिवशी ओळख का नाही दाखवलीस, तेही विचारणार होते, पण तेवढ्यात बटाट्यांची गाडी आली आणि तू पळालीस. आता विचारत नाही. आईला काही बोलली नाहीस, हे मात्र मला माहीत आहे, कारण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने मला विचारलं, "काय हो, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत?"

तुझं कार्ड आमच्या फ्रिजवर आहे. 'बेसण'मधला ण सुधारायला मी एकदा लाल पेन उघडलं होतं. पुन्हा टोपण लावून ठेवून दिलं.

तुझी,
मराठी शाळेतली काकू