ईयूव्ही: कथिलातला प्रकाश आणि वायूतला प्रकाश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिपनिर्मितीच्या बातम्यांत ‘ईयूव्ही’, म्हणजे अतिनीलच्याही टोकाकडचा प्रकाश, हा शब्द आता रोजचा झाला आहे. प्रकाशाच्या अतिशय अल्पकाळ टिकणाऱ्या स्पंदांसाठी मिळालेल्या २०२३च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलविषयी लिहितानाही तोच शब्द येतो, आणि दोन्ही एकच यंत्र असल्याचा वाचकांचा समज होतो. तो दूर व्हावा म्हणून हे पत्र.

चिपच्या कारखान्यात वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला सुमारे ५० हजार या वेगाने सोडतात आणि प्रत्येकावर कार्बन डायऑक्साइड लेसर मारतात. त्या तापलेल्या प्लाझ्मातून (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूतून) १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश चहूकडे फाकतो. तो आरशाने गोळा करावा लागतो. नोबेलची वाट वेगळी. फ्रान्समधल्या सॅक्ले येथे १९८७मध्ये त्या नोबेलच्या एक मानकरी ॲन लुइलिये आणि सहकाऱ्यांनी १०६४ नॅनोमीटरचा लेसर आर्गॉन वायूमध्ये एकवटला, तेव्हा मूळ कंपनसंख्येच्या ३३ पटीपर्यंतचे विषम हार्मोनिक, म्हणजे विषम पटींच्या कंपनसंख्येचे प्रकाश, मिळाले. हा प्रकाश लेसरच्याच दिशेने, बारीक झोतात आणि सुसंगत, म्हणजे लहरी एका तालात असलेला, निघतो.

लेसरचे विद्युतक्षेत्र अणूतला इलेक्ट्रॉन ओढून काढते, दिशा उलटली की त्याला परत आणते, आणि अणूशी जुळताना तो साठवलेली ऊर्जा एका फोटॉनमध्ये टाकतो. ८०० नॅनोमीटरच्या लेसरात हे सगळे एका आवर्तनात, २.७ फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) आत उरकते. इलेक्ट्रॉन अणूपाशीच परतायला हवा, म्हणून लेसरचे ध्रुवीकरण, म्हणजे विद्युतक्षेत्राच्या कंपनाची दिशा, सरळ रेषेतलेच हवे. वर्तुळाकार ठेवले तर परतणारा इलेक्ट्रॉन अणूला चुकवून बाजूने निघून जातो.

टेबलावरची मांडणी साधारण अशी: ३० फेम्टोसेकंदांचा, १ मिलिज्यूलचा स्पंद, सेकंदाला हजार वेळा. केंद्रावर दर चौरस सेंटिमीटरला १०० ते २०० लाख कोटी वॉट तीव्रता. २०० लाख कोटीला आर्गॉनमधून सुमारे ५४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या फोटॉनपर्यंत, म्हणजे २३ नॅनोमीटरपर्यंत मजल जाते. मग तीव्रता आणखी का वाढवू नये? कारण आर्गॉनचे चार-पाच टक्क्यांहून जास्त अणू आयनीभूत झाले, म्हणजे त्यांचे इलेक्ट्रॉन सुटले, की मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे लेसर आणि नवा प्रकाश यांची कला, म्हणजे लहरींच्या चढउतारांची लय, जुळत नाही. पुढच्या अणूंचा प्रकाश मागच्यांचा खोडून टाकतो. कथिलात ज्या प्लाझ्मासाठी एवढा खटाटोप, तोच इथे काम बिघडवतो. त्यामुळे लेसरच्या वाटेतले आयरिस (लहानमोठे करता येणारे छिद्र) थोडे मिटले, लेसर कमी केला, तरी प्रकाश वाढलेला दिसतो. वायूचा दाबही तसाच. काही दहा मिलिबारपर्यंत वाढवला की प्रकाश वाढतो. त्यापुढे वायू स्वतःच तो शोषू लागतो.

वायूच्या कक्षाबाहेर मात्र कडक निर्वात हवा, कारण हा प्रकाश हवेत टिकत नाही. उरलेला लाल लेसर अडवायला २०० नॅनोमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पडदा लावतात. साध्या स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्याइतका तो पातळ! बहुतेक घात याच पडद्याचा होतो. निर्वात कक्षात हवा झटकन सोडली तर तो फाटतो. व्हॉल्व्ह हळूच उघडावा. केंद्राजवळ ठेवला तर लेसर त्याला जाळतो. मीटरभर तरी पुढे ठेवावा. सुईच्या टोकाएवढे भोक पडले तरी गळणारा लेसर कॅमेऱ्यावर ईयूव्ही म्हणून मोजला जातो. खात्री करायची तर वायू बंद करून पाहावे: संकेत तसाच राहिला तर तो ईयूव्ही नव्हे.

आर्गॉनमध्ये सारे जमले तरी लेसर ऊर्जेचा लाखातला एक भाग पदरात पडतो. १३.५ नॅनोमीटर, म्हणजे ५९वा हार्मोनिक, काढायला निऑन किंवा हेलियम लागतो आणि उत्पन्न त्याहूनही कितीतरी घटते. चिपच्या यंत्राला शेकडो वॉट लागतात, वायूतून मिळतात मायक्रोवॉट. तेव्हा हा प्रकाश चिप छापू शकणार नाही; छापण्याचे मुखवटे (चिपची नक्षी असलेले मास्क) आणि आरसे निर्दोष आहेत का, हे तपासायला मात्र त्याची सुसंगतता फार मोलाची ठरते. यापुढच्या बातम्यांत प्रकाश कथिलातला की वायूतला, एवढे एका शब्दाने सांगावे, ही विनंती.

आपला,
लेसर विषयाचा एक अध्यापक, पुणे