डेट्रॉईटचा चॅनेल २ पूर्वी कोणाचा होता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकन टीव्हीवरचा लेख वाचून राहवलं नाही. डेट्रॉईटचा चॅनेल २ 'सुरुवातीपासून फॉक्सचा' असं त्यात बिनदिक्कत छापलंय. या भागातली कितीतरी मराठी कुटुंबं तुमचा ई-पेपर वाचतात. छापण्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणालाही विचारता आलं असतं.

चॅनेल २, म्हणजे डब्ल्यूजेबीके, १९९४च्या डिसेंबरपर्यंत सीबीएसचे कार्यक्रम दाखवत होता. (सीबीएस, एनबीसी, एबीसी, फॉक्स ही देशभरच्या केंद्रांना कार्यक्रम पुरवणारी नेटवर्क्स.) १९९३च्या अखेरीस फॉक्सने एनएफसीच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या एका गटाच्या, सामन्यांचे चार वर्षांचे हक्क १५८ कोटी डॉलर मोजून सीबीएसकडून खेचले. सामने आले, पण फॉक्सची बरीचशी केंद्रं यूएचएफवर, १४ ते ६९ या चॅनेलांवर होती. त्यांची पोच कमी आणि प्रेक्षकही कमी. म्हणून मे १९९४मध्ये फॉक्सचे मालक मरडॉक यांनी टीव्ही केंद्रं चालवणाऱ्या न्यू वर्ल्ड कंपनीत ५० कोटी डॉलर गुंतवले आणि बदल्यात तिच्या १२ केंद्रांनी फॉक्सचे कार्यक्रम दाखवायचं ठरलं. डेट्रॉईट त्यातलंच एक.

सीबीएसची इथे अक्षरशः पळापळ झाली. चॅनेल ४ एनबीसीकडे पक्का. चॅनेल ७च्या मालकांनी, स्क्रिप्सने, सीबीएसच्या या गरजेचा फायदा उठवून एबीसीशी नवा करार केला आणि आपल्या फीनिक्स, टॅम्पा, बाल्टिमोरच्या केंद्रांनाही एबीसी मिळवून दिलं. शेवटी सीबीएसने चॅनेल ६२ सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरना घ्यायचं ठरवलं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं कृष्णवर्णीयांच्या मालकीचं पहिलं टीव्ही केंद्र हेच, १९७५ साली सुरू झालेलं. लेखात त्याचं नावही नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटलं.

आता बातम्यांचं पाहा. ११ डिसेंबर १९९४ला सीबीएस गेलं, पण चॅनेल २ची न्यूजरूम जागच्या जागी राहिली. उलट फॉक्स बहुतेक रात्री दोनच तास कार्यक्रम देतं आणि त्याचा सकाळचा शोही नाही. ती मोकळी वेळ स्थानिक बातम्यांनी भरली. इकडे सीबीएसच्या ६२वर २००१-०२ आणि २००९-१२ असे मधले काळ सोडले तर स्थानिक बातमीपत्रच नव्हतं. तिथे पूर्ण न्यूजरूम उभी राहिली ती थेट जानेवारी २०२३मध्ये. इतक्या मोठ्या शहरात हे घडलं! अमेरिकेतलं केंद्र म्हणजे सिंहगडावरच्या मनोऱ्यासारखं आलेले कार्यक्रम नुसते पुढे ढकलणारं यंत्र नसतं. त्याचा परवाना, बातमीदार, जाहिराती वेगळ्या आणि बहुतेक वेळा मालकही वेगळा. नेटवर्कशी फक्त करार, तो मोडतोही.

त्याच लेखातली अँटेनाची चौकट तर सरळ नुकसान करणारी आहे. 'खिडकीला चपटी एचडी अँटेना लावा, सगळं दिसेल' म्हणे. टीव्हीवर २.१ दिसलं तरी चॅनेल २चं खरं प्रक्षेपण व्हीएचएफच्या, म्हणजे यूएचएफपेक्षा लांब लहरींच्या पट्ट्यातल्या, ७ क्रमांकावर, १७४ ते १८० मेगाहर्ट्झवर होतं. त्याची अर्धी तरंगलांबी सुमारे ८५ सेंटीमीटर. कागदासारखी चपटी अँटेना बहुधा ३० सेंटीमीटरच्या आसपास, यूएचएफच्या मापाची. म्हणून ४, ७, ६२ स्वच्छ येतात आणि नेमका २ अडखळतो. दोन दांड्यांची साधी अँटेना घ्यावी, प्रत्येक दांडी ४२ सेंटीमीटरपर्यंत ओढावी, आडवी पसरावी. मुख्य मनोरे साऊथफील्ड-ओक पार्कच्या पट्ट्यात आहेत. उपनगरांपैकी नोव्हायहून ते पूर्वेला पडतात, ट्रॉयहून नैर्ऋत्येला. दिशा बदलली की चॅनेल स्कॅन पुन्हा करावा. जवळ राहणाऱ्यांनी ॲम्प्लिफायर लावू नये, सिग्नल जादा होऊन ट्यूनर गोंधळतो. एवढं करूनही २ तुटत असेल तर खोलीतले स्वस्त एलईडी दिवे एकेक बंद करून पाहावेत, व्हीएचएफवर त्यांचा त्रास फार होतो.

चॅनेल २ची दुरुस्ती छापाल तेव्हा ही चौकटही दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नोव्हाय, मिशिगन