हवापिशव्यांसाठी आवाहन (हंगामापूर्वी तातडीने)

सर्व सभासद, पालक व हितचिंतकांना सप्रेम नमस्कार. हवापिशव्या म्हणजे होडीत पट्ट्यांनी बांधलेल्या, हवा भरलेल्या पिशव्या; होडीत पाणी भरलं तरी त्या तिला तरंगत ठेवतात.

आपल्या मंडळाच्या चारही होड्या लोकांच्या मायेवर तरंगत आल्या आहेत. पहिली होडी संस्थापक काकांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली. शेडवरचे पत्रे पालकांनी भर पावसात चढवले. फाटलेली शिडं मावशी आजही एक पैसा न घेता शिवून देतात, तेही दोन दिवसांत. इथेच शिकलेली मुलं आता धाकट्यांना शिकवतात. या सगळ्यांचं ऋण मंडळ विसरलेलं नाही.

गेल्या हंगामात धाकट्या मुलांची होडी उलटली तेव्हा डावीकडचा पट्टा स्क्रूसकट उपटला आणि हवापिशवी निसटून वाहून गेली. मुलं जाकिटांमुळे सुखरूप राहिली. पण सरळ केलेली होडी डावीकडे कलली, सेंटरबोर्डच्या (तळातून खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) खाचेचं तोंड पाण्याखाली गेलं आणि उपसू तेवढं पाणी पुन्हा आत येत राहिलं. फायबर पाण्यापेक्षा जड असतं. हवा कोंडलेली नसेल तर अशी होडी तळ गाठते.

त्यानंतर लगेच आवाहन केलं होतं. तिघांनी मदत केली, बाकीच्यांकडून साधा निरोपही आला नाही. वाईट वाटलं, ते लपवत नाही.

काहींनी पूर्वी पोहायच्या ट्यूब दिल्या होत्या. भावना पोचली, पण त्या पट्ट्याखालून सटकतात. होडीसाठीच बनवलेल्या, जाड कापडाच्या, लांबट पिशव्या हव्यात. 50 लिटरची पिशवी पूर्ण बुडाली की जवळपास 50 किलोच्या जोराने वर ओढते आणि तो सगळा ताण पट्ट्यांवर येतो. म्हणून पिशवीमागे किमान तीन रुंद पट्टे, आणि पट्ट्यांच्या कड्या स्क्रूने नव्हे, आरपार बोल्टने, मागे आधाराची पट्टी देऊन बसवायच्या. प्रत्येक होडीत एक पिशवी नाळेत (पुढच्या टोकाला), दोन मागे दोन्ही कुशींना, सारख्या उंचीवर. तळाशी बांधल्या तर पाणी भरलेली होडी पुन्हा उलटायला बघते.

एकूण 12 पिशव्या, 36 पट्टे, बोल्ट, वायसर. रोख किंवा वस्तू खजिनदारांकडे, पावती मिळेल. येत्या दोन्ही रविवारी सकाळी 8 ला शेडवर काम. ड्रिल असेल तर आणा. दुसऱ्या रविवारी काठाजवळ होड्या मुद्दाम पाण्याने भरून तपासू, त्यासाठी पोहता येणारी सहा मोठी माणसं लागतील. पिशव्या उन्हात टम्म फुगवून ठेवू नका, सांधे उसवतात. नावं शनिवारपर्यंत कळवा.

आपला,
सचिव