खिडकीशी येणाऱ्या ड्रोनबाबत नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. राज्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी भरदुपारी, बाळंतपणासाठी माहेरी आलेली माझी मुलगी चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरात खिडकीजवळ बाळाला पाजत बसली होती. घरघर ऐकून तिने मान वर केली, तर गजांपासून हातभर अंतरावर एक ड्रोन तरंगत होता आणि त्याचा कॅमेरा थेट खोलीकडे वळलेला होता. तिची किंकाळी ऐकून मी धावत आले, तोवर तो पाण्याच्या टाकीवरून पलीकडे निघून गेला होता. तेव्हापासून ती दिवसाही पडदे ओढून, दिवा लावून बसते आणि बाळाला पाजताना सारखी खिडकीकडे पाहते. आपले चित्रीकरण कोणाच्या मोबाईलमध्ये असेल, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

पोलीस ठाण्यात आम्हालाच विचारण्यात आले, की ड्रोन कोणाचा होता आणि चित्रीकरण झाले हे कशावरून? शेवटी पडदे जाड लावा, असा सल्ला मिळाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा टिपणे हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे. पण खालून ज्याचा क्रमांकही वाचता येत नाही, त्या यंत्राचा मालक एका सामान्य बाईने शोधायचा कसा?

डिसेंबर 2018 पासून लागू झालेल्या नियमावलीत, कोणाच्याही खासगीपणाला बाधा येणार नाही याची जबाबदारी ड्रोन उडवणाऱ्यावर होती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर बरोबर चार वर्षे आणि एका दिवसाने आपल्या मंत्रालयाने जे ड्रोन नियम लागू केले, त्यांतून ती जबाबदारीच गळाली. त्याच नियमांनी ड्रोनसाठी भरायच्या अर्जांचे नमुने 25 वरून 5 वर आणले, ग्रीन झोनमध्ये, म्हणजे ड्रोनवर निर्बंध नसलेल्या हवाई क्षेत्रात, 400 फुटांपर्यंत परवानगीची गरज ठेवली नाही, आणि ड्रोनचा माग लावणारी यंत्रणा मात्र ‘भविष्यात’ सक्तीची करता येईल एवढेच म्हटले. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. म्हणजे उडवणाऱ्याच्या सोयीचा विचार झाला आणि घरात बसलेल्या माणसाचा कोणीच केला नाही. प्रत्येक नव्या यंत्राच्या बाबतीत हेच होते: आधी बाजार खुला होतो, मग बायकांना अंग चोरून जगायला शिकवले जाते.

शेतातल्या फवारणीच्या किंवा गावठाण मोजणीच्या ड्रोनला माझा विरोध नाही. पण रहिवाशाच्या संमतीशिवाय घराच्या खिडकीशी, गच्चीशी ड्रोन थांबवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवा. चित्रीकरणाचा पुरावा तक्रारदाराकडे मागू नका. माग लावणारी यंत्रणा सर्व कॅमेरा-ड्रोनना, अगदी 250 ग्रॅमच्या आतल्यांनाही, सक्तीची करा, आणि वेळ व ठिकाण सांगताच मालकाचे नाव पोलीस ठाण्याला मिळेल अशी सोय करा. 2025 मध्ये आपल्या मंत्रालयाने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा हरकतींसाठी मांडला होता. माझी हरकत ही आहे, आणि तिचे लेखी उत्तर मला हवे आहे.

आपली,
सांगलीची एक रहिवासी