वीकेंड ट्रिपच्या लेखांमध्ये वार आणि वेळ पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अधूनमधून जगातल्या मोठ्या शहरांवर लेख येतात, वीकेंडला गेलात तर कुठे खा, कुठे प्या, कुठे शॉपिंग करा वगैरे. मी ते आवडीने वाचते, कात्रणंसुद्धा ठेवते, त्यामुळे ही तक्रार नाही, म्हणजे थोडी आहेच. नावं भरपूर असतात, पण ते ठिकाण शनिवारी उघडं की रविवारी, आणि किचन कितीला बंद होतं, हे काही केल्या सापडत नाही. ज्याच्या हातात पंधरा दिवस आहेत त्याचं ठीक आहे, आज बंद तर उद्या जाईल. दोन दिवसांसाठी गेलेल्याला उद्या म्हणजे परतीचं विमान असतं हो. त्याला कुठे जायचं हे नंतर, आधी कधी जायचं ते कळायला हवं.

लंडनचंच घ्या. प्रत्येक यादीत पोर्टोबेलो रोड असतो, कोलंबिया रोडचा फुलबाजार असतो, खाण्यापिण्याचं बरो मार्केट असतं, आणि तिन्ही एका ओळीत एकापुढे एक. प्रत्यक्षात पोर्टोबेलोचा जुन्या वस्तूंचा खरा बाजार शनिवारी, कोलंबिया रोड फक्त रविवारी आणि तोही सकाळी 8 ते दुपारी 2 च्या आसपास, बरो मार्केट सोमवारी बंद आणि शनिवारी दुपारी इतकं भरलेलं की हातातलं खायला कोपर हलवायला जागा नाही. म्हणजे ज्याला हे माहितीये तो शनिवारी सकाळी पोर्टोबेलो, रविवारी सकाळी कोलंबिया रोड करून आरामात बरोला जातो, आणि ज्याला माहिती नाही तो उलटं करतो नि दोन्हीकडे बंद गाळे बघून येतो. कोलंबिया रोडला अजून एक गंमत आहे, बाजार उठायच्या वेळी फुलवाले भाव पाडायला लागतात आणि अक्षरशः ओरडून गठ्ठे विकतात, तो अर्धा तास बघण्यासारखा असतो, फुलं हॉटेलच्या रूमवर नेऊन करायची काय हा प्रश्न वेगळा. आणि रविवारी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सकाळी दहाला जाऊन उभं राहू नये. इंग्लंडमध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी फक्त सलग 6 तास उघडायची परवानगी आहे, तीही 10 ते 6 च्या मधेच, त्यामुळे मोठी स्टोअर्स बहुतेक 12 ते 6 धरतात. काही साडेअकराला दार उघडतात पण बिल बाराशिवाय करत नाहीत, तोवर नुसतं बघत फिरा.

बर्लिनला तर रविवारी शॉपिंग हा विषयच नाही, दुकानं बंद म्हणजे बंद, वर्षातले मोजके रविवार सोडले तर. काही लागलंच तर मेन स्टेशनमधली दुकानं तेवढी चालू असतात. पण त्याच रविवारी माउरपार्कमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, जो इतर कुठल्याच दिवशी नाही. माद्रिदचा एल रास्त्रो असाच, रविवारी सकाळी, दुपारी तीनपर्यंत आटोपतो. आणि इस्तंबूलला याच्या बरोब्बर उलट, तिथला मोठा जुना झाकलेला बाजार, जो बघायला निम्मे लोक जातात, तो रविवारी बंद, मसाल्यांचा बाजार मात्र चालू. आता या चार ओळी लेखात टाकायला किती जागा लागते सांगा? तेवढ्यात 'गजबजलेल्या गल्ल्यांमधून हरवून जा' असलं एक वाक्य मावतं आणि आमच्या नशिबी तेच येतं.

बँकॉकच्या चाटुचाकचं तर फारच वाटोळं करतात लेखवाले. नुसतं 'मोठं वीकेंड मार्केट' म्हणून सोडून देतात. अहो तिथे 27 सेक्शन आहेत, आत बारीक बारीक गल्ल्या, वर पत्रा, दुपारी एकनंतर उकडून जीव जातो. शनिवार-रविवार सकाळी 9 पासून असतं, पण सकाळी काही गाळे अजून उघडत असतात, त्यामुळे दहाच्या सुमारास शिरून जेवायच्या वेळेला बाहेर पडावं हे माझं मत. मेट्रोने कांपेंग फेट स्टेशनला उतरलं की तुम्ही बाजाराच्या पोटातच निघता, मोचित या दुसऱ्या स्टेशनला उतरणारी सगळी गर्दी टळते. मधोमध घड्याळाचा टॉवर आहे, चुकामूक झाली तर तिथे भेटायचं ठरवून ठेवा. आणि एखादी वस्तू आवडली, भाव पटला, तर तिथल्या तिथे घ्या, 'परत येताना घेऊ' म्हणालात की ती गल्ली पुन्हा सापडत नाही. निदान गाळ्यावरच्या नंबरचा फोटो तरी काढून ठेवा. करवंटीतलं नारळाचं आइस्क्रीम तिथे घ्याच, आणि जेवायला रस्ता ओलांडून ओर तोर कोर मार्केटमध्ये जा, थोडं महाग आहे पण स्वच्छ, सावली, आणि फळं अशी मांडलेली की बघत राहावं.

आता खायच्या वेळा. दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त वाट लागते ती इथे, कारण आपण फिरत राहतो, पोटात कावळे ओरडायला लागतात साडेचारला, आणि तेव्हा माद्रिदमध्ये चांगल्या रेस्टॉरंटचं किचन बंद असतं. तिथे दुपारचं जेवण 2 ते 4, रात्रीचं 9 नंतर, आठला गेलात तर तुम्ही नि तुमच्यासारखेच टुरिस्ट. पॅरिसला दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी नाहीच म्हणतात, आणि रविवार रात्र नि सोमवार ही तिथे कित्येक छोट्या रेस्टॉरंटची सुट्टी, म्हणजे चांगलं जेवण शनिवारी रात्रीच उरकायला हवं आणि ते आधी बुक करून. टोकियोत लास्ट ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास तरी आधी असते, दारावर दहा लिहिलंय म्हणून पावणेदहाला जाऊ नका. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, सेंटर उघडं असतं पण प्रत्येक स्टॉलची सुट्टी वेगळी, ज्याच्यासाठी गेलात नेमकं त्याचंच शटर खाली. टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट दिसलं तर बसू नका, ती जागा कोणीतरी धरलेली आहे. आणि जेवून झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, 2021 पासून न ठेवल्यास दंड होऊ शकतो.

बिलाबद्दलही कोणी लिहीत नाही. सिंगापूरच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असली की त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि 9 टक्के जीएसटी चढतो. लंडनला साडेबारा टक्के सर्व्हिस बिलातच लावून येतात, ते ऐच्छिक असतं, सर्व्हिस आवडली नाही तर काढायला सांगता येतं, पण परत वरून टिप द्यायची गरज नाही हे महत्त्वाचं. न्यूयॉर्कला मेनूवरचा आकडा हा नुसता सुरुवातीचा, त्यावर 8.875 टक्के सेल्स टॅक्स आणि वर 18-20 टक्के टिप. (कपडे-बूट मात्र 110 डॉलरच्या आतले असतील तर तिथे हा टॅक्स लागत नाही, शॉपिंगवाल्यांनी लक्षात ठेवा.) टोकियोच्या इझाकायात, म्हणजे पिण्या-खाण्याच्या बारमध्ये, न मागता एक छोटी वाटी पुढ्यात येते आणि तिचे तीनचारशे येन बिलात दिसतात, ती फसवणूक नाही, बसायचे पैसे समजा. रोमला कॉफी उभ्याने काउंटरवर प्या, तीच कॉफी टेबलावर बसलात की महाग. पॅरिसला पाणी नुसतं मागितलं की बाटली येते, नळाच्या पाण्याचा जग मागा, तो फुकट द्यावाच लागतो.

पिण्याबद्दल मी काय सांगणार, एवढंच की घरी, म्हणजे हॉटेलवर परत कसं जायचं ते आधी बघा. लंडनला काही लाइन्सवर ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, रात्रभर चालते ती फक्त शुक्रवार-शनिवारी, टोकियोत शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास जाते नि मग टॅक्सीचं बिल बघून चढलेली उतरते. सिंगापूरला रात्री साडेदहानंतर दुकानातून बाटली मिळत नाही, बारमध्ये मिळते.

खरेदीच्या बाबतीत माझं मत लेखवाल्यांना पटणार नाही. मोठ्या शहरातल्या महागड्या रस्त्यांवर तीच ती ब्रँड्सची दुकानं असतात जी कुठेही असतात. तिथल्या लोकांच्या साध्या सुपरमार्केटमध्ये शिरा, बिस्किटं, चहा, मसाले, चॉकलेट, सगळं लेबलच्या किमतीत, घासाघीस नाही. फक्त केबिन बॅग घेऊन गेला असाल तर जॅम, मध, मऊ चीज हे सगळं सिक्युरिटीच्या दृष्टीने लिक्विडच, बरणी 100 मिलीच्या वरची असली तर बऱ्याच विमानतळांवर तिथेच टाकून यावी लागते. टोकियोत संध्याकाळी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जा, बंद व्हायच्या आधी तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात, दुकानातली माणसं एकेक डबा उचलून स्टिकर मारत येतात आणि त्यांच्या मागून गिऱ्हाइकं अगदी शिस्तीत.

शेवटचं, शिळ्या माहितीचं. टोकियोचा मासळीचा लिलाव त्सुकिजीहून तोयोसूला ऑक्टोबर 2018 मध्ये हलला, आणि तोयोसू रविवारी बंद असतं, तरी 'रविवारी पहाटे त्सुकिजीचा लिलाव बघा' असं मी नंतरही छापलेलं वाचलंय (त्सुकिजीला बाहेरच्या गल्ल्यांतली दुकानं अजून आहेत, पण त्यातलीही बरीच रविवारी बंद). लंडनच्या दुकानात व्हॅट परत मिळतो हेही तसंच, इंग्लंडमध्ये टुरिस्टांना पिशवीतून नेलेल्या वस्तूंवर तो 1 जानेवारी 2021 पासून मिळत नाही. तेव्हा प्रत्येक नावापुढे वार आणि वेळ टाका, आणि लेखाखाली माहिती कुठल्या महिन्यात तपासली तेही छापा. जागा कमी पडली तर सूर्यास्ताचा फोटो काढून टाका, चालेल आम्हाला.

आपली,
पुरवणीची कात्रणं ठेवणारी एक वाचक